माळ चारायचाही, राखायचाही : कोरड्या गवताळ रानातील चराईचे नियोजन

पुणे–सोलापूर रस्त्यावर उसाचे पट्टे मागे पडले की जे उघडे, मुरमाड, किंचित चढउताराचे रान लागते, त्याची दफ्तरी नोंद बहुतेक वेळा ‘पडीक’ अशी असते. मेंढपाळ त्याला माळ म्हणतो. सुपे, इंदापूर, करमाळा, सांगोला, जत, माण, कर्जत या सगळ्या भागांत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला हा माळ साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसावर उभा आहे, आणि तो पाऊसही कधी दीडपट तर कधी निम्मा पडतो. या रानावर मेंढ्या, शेळ्या आणि गावची गुरे चरतात. त्याच रानातून पावसाचे पाणी खालच्या विहिरींना जाते, त्याच रानात चंडोल, धाविक आणि पखुर्डी हे पक्षी अंडी घालतात, लांडगा आणि खोकड पिले वाढवतात, आणि गवताची मुळे वर्षानुवर्षे जमिनीत कर्ब साठवत राहतात. अभ्यासक ज्यांना परिसंस्था सेवा म्हणतात, ती हीच कामे. चराई आणि ही कामे एकाच जमिनीवर कशी बसवायची, याची कृती पुढे दिली आहे. ती ग्रामपंचायत, गायरान समिती, जैवविविधता व्यवस्थापन समिती किंवा स्वतःचा चाळीस-पन्नास एकर माळ असलेले कुटुंब, यांपैकी कोणालाही वापरता येईल.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. माळ सुधारायचा म्हणजे चराई बंद करायची, असे आपल्याकडे जवळजवळ गृहीत धरले जाते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे केले हे खरे आहे, आणि पार उघड्या पडलेल्या उतारावर सुरुवातीची काही वर्षे बंदी लागतेच. मात्र कायमची बंदी हा वेगळा निर्णय ठरतो. त्याची किंमत गावातील शेळीवाल्यांना आणि बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांना मोजावी लागते, आणि त्यांची जनावरे नाहीशी होत नाहीत, शेजारच्या माळावर जातात. शिवाय न चरलेले, न कापलेले गवत दोन-तीन वर्षांत स्वतःच्याच वाळक्या काडीखाली गुदमरते, त्यात टोचऱ्या कुसळांचे कुसळी गवत माजते, आणि मार्चमध्ये एक विडी पडली की सगळे रान जळते. जनावरांची संख्या महत्त्वाची आहेच, पण त्याहून आधी पाहायचे ते हे की जनावर गवताच्या कोणत्या अवस्थेत तोंड घालते.

माळ कोणाचा आणि कोण वापरतो

नियोजनाला कागदापासून सुरुवात करावी, कारण एकाच दिसणाऱ्या माळात तीन-चार मालक्या दडलेल्या असतात. गावाच्या नकाशावर गायरानाचे गट, वनविभागाचे गट आणि खाजगी पड वेगवेगळ्या रंगांनी रंगवून घ्याव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवतात आणि कलम २३ प्रमाणे त्या चराईचा हक्क ज्या गावाला ती जमीन नेमून दिली त्या गावच्या गुरांपुरताच असतो. याचा अर्थ असा की पिढ्यानपिढ्या येणाऱ्या धनगरांचे खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, गायरानावर उभे असते ते कायद्याच्या बळावर नसून गावच्या संमतीवर. वनजमिनीवर चित्र निराळे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्कही त्याच कलमात आहे. गायरानावरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात दिलेला निकाल समितीच्या फाइलमध्ये असावा, कारण नियोजन सुरू झाले की पहिला वाद हद्दीवरूनच निघतो.

मग वापरणाऱ्यांची यादी करावी आणि ती केवळ गावातल्या चावडीवर बसून करू नये. दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा मराठवाड्याच्या काळ्या रानाकडे निघून जाणारी आणि मृगाच्या तोंडावर परत येणारी खांडे या यादीतून हमखास सुटतात, कारण बैठक बहुधा हिवाळ्यात होते आणि तेव्हा ती माणसे शेकडो किलोमीटर दूर असतात. प्रत्येक कुटुंबाची मेंढरे किती, शेळ्या किती, कोणत्या महिन्यात कोणत्या माळावर, पाणी कुठे आणि रात्रीचा वाडा (मेंढरे बसवण्याची जागा) कुठे, एवढ्या पाच गोष्टी लिहून घेतल्या तरी वर्षाचे चित्र उभे राहते. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि एक कोटीहून अधिक शेळ्या होत्या, म्हणजे माळाच्या हिशेबात शेळी विसरून चालणार नाही. मेंढी गवत खाते, शेळी झुडपांचा पाला ओढते, आणि दोघींचा भार माळावर वेगवेगळ्या ठिकाणी पडतो.

या यादीतून जी अडचण समोर येते ती सगळ्या नियोजनाचा गाभा आहे. जून ते सप्टेंबर हा गवत वाढण्याचा काळ, म्हणजे माळाला विसाव्याची सर्वाधिक गरज असते तो काळ. नेमक्या याच काळात शेते पेरलेली असतात, वनक्षेत्रे बंद असतात, धसकटे आणि बांध मिळत नाहीत, आणि गावातली व परतलेली सगळी मेंढरे माळावरच येतात. म्हणून ‘पावसाळ्यात माळ बंद’ हा नियम कागदावर सुंदर दिसतो आणि पहिल्याच आठवड्यात मोडतो. पावसाळ्यात माळाचा काही भाग बंद आणि तो भाग दरवर्षी निराळा, हा नियम मात्र पाळता येतो.

माळ पायाखाली घालणे

ऑक्टोबरच्या शेवटी, गवत निसवून दाणे पिकत असताना, एखाद्या जाणत्या मेंढपाळाला बरोबर घेऊन माळ उभा-आडवा चालावा. मारवेल, पवन्या, शेडा आणि अंजन या बारमाही गवतांचे ठोंब (झुपके) जिथे दाट आहेत तो माळ चांगल्या स्थितीत आहे. जिथे कुसळी पुढे गेली आहे तिथे चराईचा किंवा वणव्याचा ताण आहे, आणि जिथे बारमाही ठोंब जवळजवळ नाहीत, बोटभर उंचीचे एकहंगामी गवत, तरवड, रुई आणि मधे उघडा मुरूम दिसतो, तो भाग थकलेला आहे. तरवडाला जनावर सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे तो वाढत जाणे ही वर्षानुवर्षांच्या जादा चराईची साक्ष असते.

कुसळीबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत. कोवळेपणी मेंढी ती आवडीने खाते, पण निसवल्यावर तिची कुसळे पिळाच्या स्क्रूसारखी लोकरीत आणि कातडीत शिरतात, ओठांत आणि हिरड्यांत रुततात. ऑक्टोबरात कुसळीच्या माळावरून आलेल्या मेंढीची मान हातात धरून लोकर उलट्या बाजूने चाळली, तर त्वचेपर्यंत पोचलेली काळी टोके बोटांना टोचतात. मेंढपाळ संध्याकाळी ती एकेक उपसत बसलेला असतो. म्हणून कुसळीचा पट्टा पोटरीत येण्यापूर्वी (तुरा बाहेर पडण्याच्या आधी), साधारण ऑगस्टमध्ये, चारून घ्यावा आणि मारवेलाचा पट्टा मात्र त्याच काळात राखावा. याने दोन कामे होतात: कुसळीचे बी कमी पडते आणि मारवेलाचे वाढते.

गवताचे वजन करणे

गवत डोळ्यांनी जोखण्याची सवय चांगली असली तरी समितीच्या वादात डोळ्यांचा अंदाज टिकत नाही, वजन टिकते. जूनमध्येच माळाच्या प्रत्येक प्रकारात चार-पाच ठिकाणी दोन मीटर लांबी-रुंदीचे छोटे तुकडे बोरी-बाभळीच्या काट्यांनी वेढून ठेवावेत, कारण चरलेल्या जागी कापणी केली तर उरलेलेच मोजले जाते, उगवलेले नाही. ऑक्टोबर संपताना प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी किंवा बांबूची चौकट टाकून आतले गवत मुठीएवढी उंची ठेवून विळ्याने कापावे, काटेरी व न खाण्याजोगे वेगळे काढावे, गवत पूर्ण वाळवून वजन करावे. एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन दहाने गुणले की हेक्टरी किलो मिळतात.

उदाहरणादाखल ६० हेक्टरचे गायरान धरू. त्यात २० हेक्टर चांगल्या माळावर सरासरी १८० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी १,८०० किलो आणि एकूण ३६,००० किलो वाळले गवत निघाले. मध्यम स्थितीच्या २५ हेक्टरवर ९० ग्रॅम, म्हणजे एकूण २२,५०० किलो निघाले. उरलेला १५ हेक्टर थकलेला भाग हिशेबात धरायचाच नाही. आता हे सगळे जनावरांचे नव्हे. एका वेळी निम्म्याहून बरेच अधिक पान गेले की ठोंबाच्या मुळांची वाढ थांबते, उभ्या काडीशिवाय मुरमावर पावसाचा थेंब थेट आपटतो, आणि पक्ष्यांना आडोसा उरत नाही. म्हणून चांगल्या माळावरचे ४० टक्के आणि मध्यम माळावरचे २५ टक्के एवढेच खाण्यासाठी मोजावे. पहिल्याचे १४,४०० आणि दुसऱ्याचे ५,६२५ मिळून साधारण २०,००० किलो होतात.

जनावराला दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो. तीस-पस्तीस किलोच्या मेंढीला दिवसाला एक किलो आणि अडीचशे किलोच्या गावरान गाईला सहा किलो, हा हिशेब पुरेसा आहे. वीस हजार किलो म्हणजे वीस हजार मेंढी-दिवस, अर्थात २०० मेंढ्या १०० दिवस किंवा ४०० मेंढ्या ५० दिवस. गाई असतील तर सुमारे ३,३०० गाय-दिवस. मेंढी-दिवसांचा हा हिशेब बैठकीत फार उपयोगी पडतो, कारण ‘तुझी मेंढरे कमी कर’ या वाक्याने भांडण पेटते आणि ‘तुझे एवढे दिवस या माळावर, उरलेले कुठे?’ या प्रश्नाने चर्चा सुरू होते. पहिल्या वर्षी मागणी पुरवठ्याच्या दुप्पट निघाली तर घाबरून जाऊ नये; बहुतेक गावांत ती तशीच निघते, आणि फरक खाजगी पड, बांध, हिवर-बाभळीच्या शेंगा, साठवलेला कडबा आणि बाहेरचे रान यांतून भरला जातो. तो कशातून भरला जातो हे लिहिले की नियोजन खरे होते.

कप्पे आणि पाळी

माळाचे चार कप्पे पाडावेत. ते पाडताना तारेच्या कुंपणाचा विचार सोडून द्यावा. ओढा, बांध, पांदण, देवीचे ठाणे अशा खुणांनी हद्द ठरवावी आणि कप्प्यांना लोकांच्या तोंडातली नावे द्यावीत. प्रत्येक कप्प्यात चांगला आणि मध्यम माळ दोन्ही यावेत, आणि पाणवठ्याला जायला प्रत्येक कप्प्यातून वाट असावी.

पहिल्या वर्षी एक कप्पा पहिल्या पावसापासून दाणे झडेपर्यंत, म्हणजे जूनपासून साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पूर्ण राखायचा. उरलेल्या तिन्हीत सर्व खांडे एकत्र किंवा ठरलेल्या क्रमाने बारा-बारा दिवस फिरवायची, म्हणजे प्रत्येक कप्प्याला चोवीस दिवस फुटायला मिळतात. बारा दिवस ही रेघ दगडावरची नाही. चराईच्या कप्प्यात मारवेलाचा ठोंब मुठीएवढा उरला की सातव्या दिवशीही उठावे आणि पाऊस चांगला झाला तर पंधराव्या दिवशी उठले तरी हरकत नाही. नोव्हेंबरात दाणे झडल्यावर राखलेला कप्पा उघडायचा. त्यातले काही गवत कापून गंजी लावायची आणि उरलेले चारायचे. यावेळी खुरांनी झडलेले बी मातीत दाबले जाते, आणि हे काम कोणतेही यंत्र इतक्या स्वस्तात करत नाही. पुढच्या वर्षी दुसरा कप्पा, असे चार वर्षांत सगळ्या माळाला एकेकदा बी धरण्याची संधी मिळते.

सगळ्यात नाजूक असतात ते पहिल्या पावसानंतरचे तीन आठवडे. ठोंब या दिवसांत मुळांतल्या साठ्यावर फुटतो, आणि पहिली पालवी खाल्ली गेली की त्याची वर्षभराची ताकद जाते. उन्हाळा काढलेल्या मेंढीला हीच पालवी दिसत असते, आणि मेंढपाळाला थांबवणे नैतिक उपदेशाने शक्य होत नाही. येथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. कोवळे, पाणचट गवत अधाशीपणे खाल्ल्याने आंत्रविषार (आतड्यांतील विषबाधेचा रोग) होतो, आणि कालपर्यंत सशक्त असलेले कोकरू सकाळी वाड्यात मेलेले सापडते. ज्याने हे एकदा पाहिले आहे तो तीन आठवडे थांबण्याचे म्हणणे ऐकून घेतो. मे महिन्यातच पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत आंत्रविषाराची लस सर्व खांडांना टोचून घ्यावी आणि त्याच बैठकीत या तीन आठवड्यांची व्यवस्था ठरवावी. ती व्यवस्था म्हणजे एकतर साठवलेले गवत आणि कडबा मेंढीमागे दिवसाला निदान अर्धा किलो देणे, किंवा आधीच थकलेला एक पट्टा जाणूनबुजून वापरायला मोकळा सोडणे. मला दुसरा मार्ग मनापासून आवडत नाही, परंतु गंजी नसलेल्या पहिल्या वर्षी तोच एक मार्ग उरतो.

पक्षी, लांडगा आणि ओढा

सगळ्या माळावर सारखा नियम लावण्याची गरज नसते. ओढ्याच्या उगमाकडचे उतार, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जागा आणि लांडग्याची बिळे अशा मोजक्या जागा वेगळ्या काढाव्यात. एकूण क्षेत्राच्या दहाव्या भागाहून अधिक त्यात सहसा जात नाही. लांडगी हिवाळ्यात वितात, तेव्हा त्या ओघळीत वाडा टाकू नये. हिवाळी पाहुणा असलेला भोवत्या पक्षी उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतो, म्हणून राखलेला कप्पा नोव्हेंबरात उघडताना त्यातला एक सलग तुकडा मार्चपर्यंत उभा ठेवावा. पावसाळ्यातील राखलेला कप्पा तणमोरासारख्या पावसात वीण करणाऱ्या पक्ष्यांना आपोआप उपयोगी पडतो. उलट सगळा माळ उंच गवताने भरून गेला तर धाविक आणि चंडोलांच्या काही जाती निघून जातात, कारण त्यांना आखूड, उघडे रान लागते. चरलेला आणि राखलेला कप्पा शेजारी शेजारी असणे यासाठीच हिताचे आहे.

मोठी सीमा आखून माळ वाचत नाही, हे सोलापुरातील माळढोक अभयारण्याने दाखवून दिले आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेले होते, त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळे आले आणि जमीनविक्रीच्या निर्बंधांमुळे लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच राग बसला. २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोपर्यंत माळढोक दिसेनासा होत आला होता. सुप्याचे मयूरेश्वर किंवा कर्जतचे रेहेकुरी ही अभयारण्ये जेमतेम काही चौरस किलोमीटरची आहेत. तेथील चिंकारा आणि काळवीट बाहेरच्या गायरानांवर आणि शेतांवरही अवलंबून असतात.

लांडग्याने मेंढी नेली तर त्याच दिवशी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. रात्री वाघूर (वाड्याभोवतीची जाळी) ताणून नीट लावणे, कोकरांना मध्ये ठेवणे आणि वाड्यातल्या कुत्र्यांना लसी टोचणे ही तीन कामे नुकसान कमी करतात. कुत्र्यांचे रोग लांडग्यात आणि खोकडात जातात, म्हणून तिसरे काम दोघांच्याही हिताचे आहे.

वाडा, खत आणि झाडे

दिवसा माळावर खाल्लेले अन्नद्रव्य मेंढी रात्री लेंडीतून टाकते. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो, आणि हा व्यवहार दोघांच्या फायद्याचा असला तरी माळाच्या दृष्टीने ती सततची गळती आहे. ती पूर्ण थांबवायची नाही. वर्षातून पंधरा-वीस रात्री वाडा थकलेल्या पट्ट्यावर, दर दोन-तीन रात्रींनी जागा बदलत टाकावा, एवढेच ठरवावे. मुरमावर लेंडी आणि मूत पडलेल्या चौकोनात पुढच्या पावसाळ्यात गवत उठून दिसते.

वेडी बाभूळ मात्र याच वाटेने पसरते. तिच्या शेंगा मेंढ्या आवडीने खातात आणि बी लेंडीतून जसेच्या तसे बाहेर पडते. शेंगा खाल्लेले खांड दोन रात्री माळाबाहेर बसवावे. वाढलेली झुडपे नुसती वरून तोडली तर दहा फांद्यांनी फुटतात, म्हणून माती उकरून बुंध्याचा जमिनीखालचा वीतभर भाग मुळासकट काढावा. विखुरलेले हिवर, बोर आणि खैर तसेच राहू द्यावेत. उन्हाळ्यात त्यांच्या शेंगा, पाला आणि सावली याशिवाय माळ चालत नाही.

झाडे लावण्याच्या उत्साहाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीसारख्या मोहिमांत उद्दिष्ट पुरे करण्यासाठी सर्वांत सोपी जागा म्हणून उघडा माळ हाती येतो. वीतभर मातीत खड्डे काढून गिरिपुष्प किंवा निलगिरी लावली की जुने ठोंब उपटले जातात, रोपे बहुधा वाळतात, आणि जगली तर सावलीत मारवेल मरतो. सलग समतल चरही उघड्या, वाहून जाणाऱ्या उतारावर उपयोगी आहेत, पण गवताने धरलेल्या माळावर यंत्राने चर काढणे म्हणजे धरलेली माती सुटी करणे होय.

थकलेल्या पंधरा हेक्टरांसाठी दोन-तीन वर्षे पूर्ण विसावा आणि त्याबरोबर बी टाकणे असा उपाय करावा. बी आपल्याच राखलेल्या कप्प्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताने ओरबाडून गोळा करावे, गोणपाटाच्या पोत्यात कोरड्या जागी ठेवावे आणि पुढच्या जूनमध्ये वापरावे. या गवतांच्या ताज्या बियांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते, त्यामुळे लगेच पेरलेले बी उगवत नाही आणि लोक बियांना नावे ठेवतात. बी हलके, केसाळ असते. ओलसर माती आणि शेणात कालवून त्याच्या बोराएवढ्या गोळ्या कराव्यात, नाहीतर वारा ते शेजारच्या गावात नेतो. नांगरट करू नये. कुदळीने उथळ ओरखडे काढून त्यात गोळ्या टाकाव्यात. जुलैत पाऊस लागून राहिला तर मारवेलाचे ठोंब फोडून लावणे अधिक खात्रीचे आहे. नत्रासाठी स्टायलो या द्विदल चारापिकाचे बी थोडे मिसळता येते, मात्र चांगल्या माळावर ते नेऊ नये, तेथे देशी गवतांना परक्याची गरज नाही.

वणव्याबाबत थोडक्यात: डिसेंबर संपण्यापूर्वी राखलेल्या तुकड्याभोवती पाच-सहा मीटर रुंदीचा पट्टा कापून किंवा चारून मोकळा करावा, आणि नवे गवत फुटावे म्हणून माळ पेटवण्याची चाल बंद व्हावी.

बाहेरची खांडे आणि दुष्काळाचे कलम

बाहेरून येणाऱ्या खांडांशी करार लेखी असावा, पण तो सोपा असावा: किती मेंढरे, कोणता कप्पा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पाणी कुठून, आणि बदल्यात किती रात्री वाडा कुठे. ग्रामसभेच्या ठरावात त्यांचे स्थान लिहिले गेले तर नवा सरपंच आला तरी वाट बंद होत नाही. समितीत निदान दोन मेंढपाळ असावेत आणि त्यातली एक बाई असावी. कोकरे, आजारी जनावरे आणि वाड्याची जागा यांविषयीचे बहुतेक निर्णय बायकाच घेतात.

दुष्काळाचे कलम चांगल्या वर्षी लिहून ठेवावे. १९७२ किंवा २०१२-१३ सारखी वर्षे परत येणार हे गृहीत धरून एक तारीख ठरवावी. माझ्या अनुभवात ३१ ऑगस्ट ही तारीख बरी पडते. त्या दिवशी गावच्या पर्जन्यमापकातला पाऊस नेहमीच्या निम्म्याहून कमी असेल, तर पाळीचे दिवस एकतृतीयांशाने कमी, विक्रीयोग्य नर मेंढरे पितृपक्षाची वाट न पाहता बाजारात, आणि राखलेला कप्पा काहीही झाले तरी बंद. तो उघडला की पुढच्या वर्षीचे बी गेले. बाजारात भाव पडण्याआधी विकलेली दहा मेंढरे उन्हाळ्यात छावणीच्या दारात उभ्या असलेल्या दहा मेंढरांपेक्षा दुप्पट पैसा देतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मोजत राहणे

दरवर्षी ऑक्टोबरच्या त्याच आठवड्यात, त्याच आठ-दहा खुणेच्या दगडांवर उभे राहून, त्याच दिशेने छायाचित्रे काढावीत. दोन्ही बाजू उघड्या असलेला पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा दोन-तीन बोटे जमिनीत दाबून त्यात अर्धा लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला लागणारा वेळ लिहावा. चांगल्या ठोंबाच्या शेजारी आणि उघड्या मुरमावर हा प्रयोग एकामागून एक करून दाखवला की गवत आणि विहीर यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एका ठरावीक वाटेवर शंभर पावले चालून प्रत्येक पावलाच्या टोकाला मारवेल, कुसळी, इतर गवत, झुडूप की उघडी जमीन हे नोंदवावे. शंभरात उघडी जमीन किती, हा आकडा तीन वर्षांत खाली आला नाही तर कप्पे, दिवस किंवा संख्या यांपैकी काहीतरी चुकते आहे. खालच्या दोन विहिरींची पाणीपातळी जानेवारी आणि एप्रिलमध्ये मोजावी, आणि पक्षी ओळखणारे कोणी असेल तर पहाटेचा एक तास जूनमध्ये व एक डिसेंबरमध्ये द्यावा. ही सगळी माहिती गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत चढवता येते.

नोंदी पाहून पुढच्या वर्षीची पाळी ठरवण्याची बैठक दसऱ्यानंतर, खांडे निघण्यापूर्वी घ्यावी. घोंगड्या आणि वाघुरी घोड्यांवर लादल्या गेल्यानंतर घेतलेल्या बैठकीत ठरलेले मृगापर्यंत मेंढपाळांना कळत नाही, आणि मृगात ते कळते तेव्हा मेंढरे राखलेल्या कप्प्यात शिरलेली असतात.